जुन्या गाडीचा गिअरबॉक्स: ऑइल बदलावं, खोलून दुरुस्त करावा की दुसराच बसवावा?

ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये टाकली, दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही आणि मग एकदम झटका देऊन ती निघाली. जुन्या गाडीत हे सुरू झालं की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. एक म्हणतो ऑइल बदल. दुसरा म्हणतो, ऑइलला हात लावलास तर बॉक्स संपलाच. तिसरा थेट दुसरा बॉक्स बसवायला सांगतो. गंमत अशी, की तिघांचंही कुठल्या ना कुठल्या गाडीपुरतं खरं असतं. आपली गाडी त्यातली कोणती, हे ऑइल पाहिल्याशिवाय कळत नाही.

थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. तपकिरी झालं असेल तर ते फक्त जुनं आहे. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर जळलंय. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. ही सगळ्यांत वाईट बातमी, कारण पाण्याने प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, उघडलाच तर त्यातलं लोहचुंबकही पाहा. त्यावर करडा, मऊ लेप असणारच, त्याने घाबरू नका. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे मिळाले, तर मात्र पुढचे दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल.

ऑइल बदलण्याचे दोन प्रकार आहेत. प्लग उघडून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं, हा साधा प्रकार. यात सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत बॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांत राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर मध्ये गाडी चालवत तीनदा बदलल्यावर जुनं साधारण २२ टक्के उरतं. दुसरा प्रकार मशीनने फ्लश करण्याचा. त्यात जवळजवळ सगळं ऑइल एकाच बैठकीत बदलतं, पण बऱ्याचदा चेंबर उघडला जात नाही आणि फिल्टर जुनाच राहतो. ज्या गाडीचं ऑइल कधी बदललं की नाही हेच माहीत नाही, तिला मी साधा प्रकारच निवडेन. 'हे ऑइल गाडीच्या आयुष्यभर पुरतं' या दाव्यावर मात्र विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

मग नव्या ऑइलने बॉक्स मरतो, ही समजूत आली कुठून? बहुतेक लोक बॉक्स घसरायला लागल्यावरच ऑइल बदलतात. प्लेटा तेव्हा आधीच झिजलेल्या असतात, त्या महिन्याभरात जातात आणि आळ ऑइलवर येतो. त्यापेक्षा खरा धोका चुकीच्या ऑइलचा आहे. डेक्सरॉन, एटीएफ+४, टोयोटाचं डब्ल्यूएस ही एकमेकांच्या जागी चालणारी ऑइलं नव्हेत. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक बॉक्स) साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ओतणं तर बॉक्स हाताने मारण्यासारखं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नावच डब्यावर हवं.

ऑइल स्वच्छ आहे, पण एकाच ठरावीक गिअरला झटका बसतो किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, तर दोष बऱ्याचदा सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), ते व्हॉल्व्ह जिथे बसतात त्या व्हॉल्व्ह बॉडीचा किंवा वायरिंगचा निघतो. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. पुष्कळ गाड्यांत हे काम बॉक्स न उतरवता चेंबर उघडून होतं. कधी तर तुटलेलं इंजिन माउंटिंगच हुबेहूब गिअरबॉक्ससारखा झटका देतं! त्यामुळे कोड न वाचता, माउंटिंग न पाहता जो 'बॉक्स गेला' म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

प्लेटा जळाल्या असतील तर उरतात दोनच वाटा: ओव्हरहॉल किंवा वापरलेला बॉक्स. खरं डोकं इथे लावावं लागतं.

ओव्हरहॉलमध्ये बॉक्स तुमचाच राहतो, म्हणजे मॉडेल जुळण्याचा प्रश्न येत नाही, आणि आत काय नवं पडलं ते डोळ्यांनी पाहता येतं. पण वेळ लागतो आणि सगळं कारागिराच्या हातावर असतं. इंजिनाचा उत्तम मेकॅनिक ऑटोमॅटिक बॉक्सही उत्तम बांधेल असं नाही. काम देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार? 'धुऊन परत लावू' असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे जाईन, कारण त्याच्या आत साठलेली घाण वरवर धुऊन निघत नाही.

वापरलेला बॉक्स लवकर बसतो आणि बहुधा स्वस्त पडतो, पण त्याच्या मागच्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं हे कोण सांगणार? भरवशाच्या म्हशीला टोणगा, तसलं प्रकरण. म्हणून तो जमिनीवर असतानाच चेंबर उघडून चुंबक पाहा, फिल्टर आणि ऑइल सील नवे घाला. बॉक्सवरचा कोड तंतोतंत जुळवा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बॉक्समध्ये गिअरचं गुणोत्तर वेगळं असू शकतं. जुन्या बॉक्सचा कचरा कूलरमध्ये बसलेला असतो, तो साफ केला नाही किंवा कूलर बदलला नाही, तर तोच कचरा 'नव्या' बॉक्समध्ये जातो. गॅरंटी देतात ती फक्त बॉक्सची की उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचीही, हे लिहून घ्या. मजुरी दोनदा भरावी लागली की स्वस्ताई तिथेच संपते.

गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल आणि कारागीर खात्रीचा असेल, तर मी ओव्हरहॉल करेन. वर्षभरात विकायचीच असेल तर तपासून घेतलेला वापरलेला बॉक्स पुरतो. सीव्हीटीच्या पुलीवर चरे पडले असतील तर दुरुस्तीच्या नादी न लागता बॉक्सच बदलावा.

मॅन्युअल गाडीवाल्यांचं काम तुलनेने सोपं. गिअर पडताना खरखर होते की क्लच पूर्ण सुटत नाही, हे आधी ठरवा. क्लच ठीक असेल तर सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी कडी) आणि बेअरिंग बदलून बॉक्स बहुतेक वेळा वाचतो. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे; जीएल-४ सांगितलं असेल तिथे फक्त जीएल-५ असलेलं ऑइल भरू नका, त्यातली जादा रसायनं पितळी सिंक्रोला खाऊ शकतात. आणि बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी तो पुन्हा उतरवावा लागेल.