शिडाची बोट, निवृत्तीची पुंजी आणि डागडुजीचा ठेकेदार

निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीने लांबचा सागरप्रवास करावा अशी इच्छा बाळगणारे लोक आपल्याकडे फार नाहीत, आणि नेमक्या याच कारणामुळे त्यांना फसवणे सोपे जाते. मोटारीचे काम काढले की दर सांगणारा कुणीतरी शेजारी किंवा नातेवाईक भेटतोच. परंतु चौतीस फुटी फायबरच्या बोटीची डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा बदलायला किती खर्च यावा, हे सांगणारा माणूस अख्ख्या मुंबईत शोधावा लागतो, आणि जो सापडतो तो बहुधा काम मागायलाच आलेला असतो. माझ्या बाबतीत जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या ठेकेदाराने मला फसवले त्याचा धंदा अजून चालू आहे आणि त्याच्या युक्त्या एकट्या त्याच्याच आहेत असे मला वाटत नाही.

बोट मी मुंबईतच जुनी विकत घेतली. सांगाडा भक्कम होता, इंजिन चालू होते, बाकी सर्व जीर्ण. बेत असा होता की, पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवून सगळी डागडुजी उरकायची, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की चाचणी घ्यायची आणि हिवाळ्यात गोवा, कारवार, मंगळूर, कोची असा किनारा धरून खाली उतरून, परवाने मिळाल्यास लक्षद्वीप आणि पुढे मालदीवपर्यंत जायचे. पत्नीही बरोबर येणार होती. त्यामुळे जीवरक्षक साधनांत काटकसर करायची नाही, हे आमचे आधीच ठरले होते. ठेकेदाराने हे पहिल्याच भेटीत ओळखले आणि त्याच बाबींवर सर्वांत जास्त पैसे लावले.

माणूस बोलण्यात अत्यंत नम्र. 'म्हादेई'चे नाव त्याने स्वतःच काढले. गोव्यात बांधलेल्या त्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता ती पूर्ण केली, हे शिडाच्या बोटींची आवड असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आपली माणसे त्या बांधणीत होती, असे तो सांगे. या विधानाचा कोणताही पुरावा त्याने कधी दिला नाही. पण मोठ्या नावाच्या सावलीत उभ्या राहिलेल्या माणसाकडे पुरावा मागणे असभ्यपणाचे वाटते, आणि त्याची सारी भिस्त या भिडेवरच होती.

दुसरे हत्यार म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. बोट यार्डात चढवायची तर उधाणाचे पाणी लागते, आणि उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासच येते. मे महिना संपत आला होता. "साहेब, हे उधाण चुकलं तर पंधरा दिवस गेले, आणि मग पाऊस. क्रेनवाल्याला आजच पैसे द्यावे लागतील," असे त्याने सांगितले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि म्हणूनच करारावर सही होण्याआधी निम्मी रक्कम त्याच्या खात्यात गेली. घाई निसर्गाने लावलेली असली की ती लबाडी वाटत नाही. खरे तर लिखित करार आणि मालाची यादी एप्रिलमध्येच मागायला हवी. उधाणाची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, ती काही ठेकेदाराने शोधून काढलेली नसते.

यार्ड रायगड जिल्ह्यातील एका खाडीच्या काठी. पावसात तिथे वरचेवर जाणे अवघड असल्याने कामाची प्रगती फोटोंवरून कळत असे आणि प्रत्येक फोटोमागे एक हप्ता जात असे. एकूण रक्कम अठरा लाखांच्या आसपास गेली. सप्टेंबरमध्ये बोट पाण्यात उतरली तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती.

संशयाची सुरुवात तारांपासून झाली. डोलकाठीला पुढून-मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या ज्या तारा असतात, त्या एकोणीस काड्यांच्या एका पिळाच्या, स्टेनलेस स्टीलच्या असतात. खाऱ्या पाण्यात ३१६ प्रतीचेच स्टील वापरायचे, हा सर्वमान्य नियम आहे, कारण त्यात सुमारे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्षारामुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांपासून ते धातूला वाचवते. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये ते नसते. ते स्वयंपाकघरात उत्तम टिकते, पण समुद्रावर लवकर डाग धरते आणि टोकांच्या जोडणीत, जिथे ओल साचते, तिथे आतून चिरते. बिलावर ३१६ लिहिलेले होते. तारा बसवल्या त्या दिवशी ठेकेदाराने खिशातून चुंबक काढून माझ्यासमोर तारेला लावला. "चिकटलं तर पैसे परत." चुंबक चिकटला नाही. ही परीक्षा निव्वळ नाटक आहे, कारण ३०४ आणि ३१६ या दोन्ही प्रती साधारणतः चुंबकाला दाद देत नाहीत. चुंबकाने लोखंड ओळखता येते, या दोहोंतला फरक ओळखता येत नाही, हे चुंबक बाळगणाऱ्याला पक्के माहीत असते.

काही आठवड्यांतच तारांवर चहाच्या डागांसारखा तांबूस रंग चढला. लहान शर्यतींच्या बोटी सांभाळणाऱ्या एका मित्राने तो पाहून तारेचा तुकडा प्रयोगशाळेत द्यायला सांगितले. क्ष-किरणांच्या हातयंत्राने धातूतील घटक काही क्षणांत मोजता येतात, आणि मुंबईत ही चाचणी करून लेखी अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिचा खर्च तारांच्या किमतीपुढे नगण्य असतो. अहवालात मॉलिब्डेनम जवळजवळ शून्य होते. डोलकाठी तुटण्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या 'तुरिया' बोटीची डोलकाठी वादळात गेली, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि फ्रान्सच्या एका गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. तिथे कारण प्रचंड वादळ होते आणि बोट अनुभवी हातांनी सज्ज केलेली होती. माझ्या बोटीची डोलकाठी पाडायला कारवारसमोरचा दुपारचा वायव्य वाराही पुरला असता.

तारांचा अहवाल हाती आल्यावर उरलेल्या प्रत्येक वस्तूकडे नव्याने पाहणे भाग होते. मी एका स्वतंत्र सागरी सर्वेक्षकाला नेमले आणि त्याच्यासमोर एकेक जोडणी उघडली.

बोटीच्या तळाला जिथे जिथे पाण्यासाठी भोक असते, तिथे बंद करण्याची तोटी बसवलेली असते. ती गनमेटलची, म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची, असावी लागते. साध्या पितळेतील जस्त समुद्राच्या पाण्यात विरघळून जाते, उरलेले तांबे गुलाबी आणि सच्छिद्र होते, आणि एक दिवस हात लावताच तोटी तुटून बोटीत पाणी शिरते. माझ्या तोट्यांना 'गंजू नये म्हणून' करडा रंग लावलेला होता. चाकूने रंग खरवडला तेव्हा आतून पिवळेधमक पितळ निघाले; मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर घरगुती नळकामासाठी मिळते तेच. गनमेटलला रंगाची गरज नसते. नव्या तोटीवर रंग दिसला की तो खरवडून पाहावा.

विजेच्या तारांची लबाडी मला सर्वांत कौशल्याची वाटली. बोटीत कल्हई केलेल्या, म्हणजे कथिलाचा थर दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात, नाहीतर खारट दमट हवेत तांबे काळे पडते आणि जोड गरम होऊ लागतात. स्विचबोर्ड उघडल्यावर दिसणाऱ्या सगळ्या तारा चंदेरी होत्या. मात्र फळ्यांमागे, हातभर आत, प्रत्येक तार जोडलेली होती आणि जोडापलीकडे साधी घरगुती लाल तांब्याची तार धावत होती. एवढे जोड मारण्याची मजुरी मोजली तर चांगली तार आणण्यात त्याचे फारसे नुकसान झाले नसते, असे सर्वेक्षक हसून म्हणाला. मला तेव्हा हसू आले नाही.

तळाच्या रंगाचेही तेच. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तांबेयुक्त रंगाचे तीन हात द्यायचे ठरले होते आणि तिन्ही हातांचे पैसे दिले होते; प्रत्यक्षात एकच हात होता. यावर जुने नाखवे एक सोपा उपाय करतात, तो मला उशिरा कळला: प्रत्येक हाताचा रंग वेगळा मागायचा, आधी लाल, मग निळा, मग पुन्हा लाल. मग कोपऱ्यात जरासे घासून पाहिले की हात मोजता येतात. प्लायवूडच्या बाबतीत मात्र पडताळणी घरबसल्या होते. सागरी प्लायवूडला आयएस ७१० हे मानक आहे, आणि शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे आणि चालू आहे की नाही ते दिसते. माझ्या फळ्यांवरील क्रमांक ॲपवर सापडलाच नाही.

यानंतरच्या दोन वस्तूंबद्दल मी अधिक लिहिणार आहे, कारण तिथे फसवणूक पैशांपुरती राहत नाही.

पहिली म्हणजे जीवनतराफा. बोट बुडू लागल्यास दोरी ओढताच फुगणारा हा तराफा बंद पेटीत येतो, ग्राहक तो कधी उघडून पाहत नाही आणि उघडूही नये. त्याची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची असते. म्हणजे विश्वास ठेवायचा तो केवळ कागदावर. माझ्याकडे चकचकीत पेटी होती, तपासणीचे प्रमाणपत्र होते आणि गोव्यातील आयातदाराचे बिल होते. बिलावरचा जीएसटी क्रमांक मात्र २४ ने सुरू होत होता. या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३० आणि गुजरातचे २४. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर भंगार व्यापाऱ्याचे नाव निघाले. अलंगला मोडीत निघणाऱ्या जहाजांवरील सामान गुजरातेतून मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगार बाजारापर्यंत सर्वत्र विकले जाते आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते जुन्या तराफ्यावर नवी चिठ्ठी डकवणे. प्रमाणपत्रावर ज्या केंद्राचे नाव होते तिथे मी स्वतः दूरध्वनी केला. त्या अनुक्रमांकाचा तराफा त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. नंतर दुसऱ्या केंद्रात तो उघडला, तेव्हा शिवणींवरचा गोंद वाळून पापुद्र्यासारखा सुटत होता.

दुसरी वस्तू म्हणजे संकटसूचक यंत्र, ज्याला दर्यावर्दी 'ईपर्ब' म्हणतात. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश पाठवते आणि त्या संदेशात यंत्राचा पंधरा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक असतो. भारतीय यंत्रांची नोंद बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात होते, आणि संदेश आला की तटरक्षक दलाचे शोधकार्य त्या नोंदीच्या आधारे सुरू होते. बोट कोणती, रंग कोणता, माणसे किती, घरी कुणाला फोन लावायचा, हे सगळे त्या नोंदीतून कळते. माझ्या यंत्राचा दिवा तपासणीचे बटण दाबल्यावर व्यवस्थित लागत होता, पट्टीवर बॅटरीची मुदत नवी होती आणि नोंदणीचा कागद मिळाला होता. परंतु ओळखक्रमांक उलगडून पाहिला तेव्हा त्यातील देशाचा संकेत ६३६ निघाला. भारताचा ४१९ आहे. ६३६ हा लायबेरियाचा. म्हणजे ते यंत्र कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मालवाहू जहाजाचे होते. मी संकटात बटण दाबले असते, तर चौकशी झाली असती ती अस्तित्वात नसलेल्या जहाजाची, आणि आमचे नाव कुणाच्या यादीत नसते. हा क्रमांक उलगडण्याची सोय कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. नोंदणी ठेकेदाराकडून कधीही करवून घेऊ नये. ती स्वतः करावी आणि पुष्टी थेट आपल्या पत्त्यावर मागवावी.

ठेकेदाराला अहवाल दाखवल्यावर तो चिडला नाही. दुकानदाराने आपल्यालाही फसवले, असे सांगत त्याने डोळ्यांत पाणी आणले, "काका, महिनाभरात सगळं बदलून देतो" म्हणाला आणि त्यासाठी आणखी दोन लाख मागितले. 'साहेब'चे 'काका' झाले हे माझ्या पत्नीने लगेच टिपले. पैसे दिले नाहीत, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

पोलीस ठाण्यात प्रथम हे प्रकरण दिवाणी असल्याचे सांगण्यात आले. धातूचा अहवाल, तपासणी केंद्राचे लेखी उत्तर आणि जीएसटीची माहिती जोडल्यावर अर्ज स्वीकारला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे आणि फौजदारी विश्वासघाताचे ३१६. स्टीलची प्रत आणि कलमाचा आकडा एकच निघावा, हा निव्वळ योगायोग. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, त्यामुळे 'महिनाभरात बदलून देतो' अशा आश्वासनांवर काळ घालवणे परवडत नाही.

बोलणी तोंडी होत असतील तर त्याच दिवशी त्यांचा सारांश समोरच्याला लिहून पाठवावा. माझ्या वकिलांना आज सर्वाधिक उपयोग होतो तो अशा तीन-चार संदेशांचा. सदोष वस्तू काढून टाकण्याची घाईही करू नये. तार, तोटी, प्लायवूडचा तुकडा, प्रत्येक गोष्ट सर्वेक्षकासमोर काढावी, फोटो घ्यावेत, चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. तराफा मी तपासणी केंद्रातच ठेवला आहे, त्याचे भाडे भरतो आहे. नव्या तारा आल्या आहेत. या वेळी त्यांचा अहवाल आधी आला आणि पैसे नंतर गेले.