डीटीपीच्या दुकानातला व्हायरस-बंदोबस्त आणि बॅकअप : गणपती ते लग्नसराई वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. विकतचा अँटिव्हायरस मी या वेळी रिन्यू केला नाही. त्या पैशांत भर घालून दोन डिस्क घेतल्या, आणि गणपतीच्या पावतीपुस्तकांपासून मे महिन्यातल्या लग्नपत्रिकांपर्यंत अख्खा हंगाम दुकान त्यावर चाललं. परत निवडायची वेळ आली तर हेच निवडीन. काही गोष्टींनी डोकं खाल्लं, त्याही लिहिते.

दुकान दादर पश्चिमेला, छबिलदासच्या बाजूला. कामाची विंडोज मशीन, एक जुना डबा (म्हणजे म्हातारा कॉम्प्युटर), दोन ऑपरेटर आणि मी. पत्रिका, मंडळांचे अहवाल, व्हिजिटिंग कार्डं, शाळांची ओळखपत्रं. दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली आत येत असतात, पेनड्राइव्हवर, मेलवर, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर. ज्यांच्या मशीनमध्ये फक्त स्वतःचं टॅली आणि मेल असतं त्यांचं दुखणं वेगळं आणि आमचं वेगळं, हे धरून पुढचं वाचा.

हे सगळं मनावर घेतलं ते गणपतीच्या तोंडावर, धंद्यातल्या एका ओळखीच्यांचं मशीन गेलं तेव्हा. प्रत्येक सीडीआर (कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाइलच्या नावाला चार अक्षरांचं भलतंच शेपूट लागलेलं, आणि फोल्डराफोल्डरात ‘रीडमी’ नावाची टेक्स्ट फाइल : ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत बोललात तर अर्ध्यात, ४९० मध्ये. हा ‘स्टॉप’ नावाच्या रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, ठरलेला मजकूर. हे मोठ्या कंपन्यांच्या मागे फारसं लागत नाही. घरगुती वापरणारे आणि आमच्यासारखे लहान धंदेवाले यांच्यातच फिरतं, आणि शिरतं मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधून, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरट्या फाइलींमधून. डीटीपीच्या धंद्यात क्रॅक किती चालतात ते मी वेगळं काय सांगायचं! क्रॅक टाकतानाची पहिली सूचनाच ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. बंद केल्यावर फुकटचा काय नि दीड हजारांचा काय, दोघंही सारखेच. २०१९ मध्ये एम्सीसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने याच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढला होता, पण नंतरच्या प्रकारांत ऑनलाइन (हल्लेखोराच्या सर्व्हरवरून आलेली) किल्ली वापरलेली असली की तो चालत नाही. ओळखीच्यांची तीच गत झाली. अहवालांची सगळी पानं नव्याने बसवली बिचाऱ्यांनी.

तर अँटिव्हायरस. आधीचा कुठला होता ते सांगत नाही, कारण पकडण्याच्या बाबतीत त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या आगाऊपणाची. मुदत संपायच्या कितीतरी आधीपासून कोपऱ्यात रिन्यूची पाटी, तीही फ्लेक्सची मोठी फाइल एक्स्पोर्ट होत असताना नेमकी. भर दुपारी सुरू होणारं स्कॅन. एकदा तर मराठी फॉन्टच्या डोंगलचा (लायसन्ससाठी मशीनला लावायच्या खुंटीचा) ड्रायव्हर उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयितांच्या कोठडीत, टाकला आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आधीपासूनच मशीनमध्ये असतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपणहून बाजूला होतो, काढला की परत जागेवर येतो. त्यामुळे बसवायला काही लागलं नाही. मुळात बंद असलेली एक सोय मात्र चालू करावी लागते : कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली सापडते, २०१७ पासून आहे, तरी आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हती. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर ती स्वतः धरते, आपलं कामाचं फोल्डर आपण यादीत टाकायचं. मग विश्वासातला नसलेला कुठलाही प्रोग्रॅम त्यात काही लिहू शकत नाही. आमचं जुनं लेआउट सॉफ्टवेअर अर्थातच त्या विश्वासात बसत नव्हतं. सुरुवातीचे काही दिवस ‘ताई, सेव्ह होत नाहीये’ हे ऐकून कान किटले. एकेक प्रोग्रॅम परवानगीच्या यादीत टाकत गेले तसं ते थांबलं. इथे घाईघाईने ती सोय बंद करून टाकायचा मोह होतो. आवरा.

याशिवाय दोन फुकटची कामं केली. ऑपरेटरांच्या खात्यांचा अ‍ॅडमिन अधिकार काढला, आणि फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची शेपटं) दिसतील असं ठेवलं. ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ नावाची फाइल प्रत्यक्षात ‘डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रॅम असते, ते मग डोळ्यांना दिसतं. लग्नपत्रिकेच्या नावाखाली मोबाइलवर एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप बसवणारी) पाठवून बँक खाती साफ करणाऱ्यांमुळे आमच्या धंद्याला वेगळाच ताप झालाय. आता आम्ही खरीखुरी पीडीएफ पाठवली तरी मुलीचे वडील फोन करून विचारतात, ‘उघडू ना?’ विचारलेलं बरंच. एपीके असेल तर उघडू नका, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

अपडेटबद्दल थोडंसं. काम अडतं म्हणून विंडोज अपडेट बंद करून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर मशीनं बंद पाडली, त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यात आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. वॉनाक्राय ठिगळ न लावलेल्या मशीनांतूनच पसरला, आणि नॉटपेट्यानेही पसरायला इतर वाटांबरोबर तेच भोक वापरलं. आता अपडेट दुपारच्या जेवणाच्या वेळेत होतात, कुणी मेलं नाही.

या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो जुना डबा. तो विंडोज ११ घेत नव्हता, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. भंगारात द्यायच्या ऐवजी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आणि नियम केला : गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लागेल तो फक्त इथे. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे चालत नाही, नुसता पडून राहतो आणि दिसतो.

एका शाळेच्या पेनड्राइव्हचं सांगते. विंडोजवर उघडला की त्यात एकच शॉर्टकट दिसायचा, पेनड्राइव्हच्याच नावाचा. क्लिक केलं की फोटो उघडायचे, म्हणून शाळेत कुणाला शंका नाही. पण त्याच क्लिकसरशी मागून व्हायरसही चालू व्हायचा. मिंटवर लावल्यावर सगळा संसार उघडा पडला : शॉर्टकटची ती इवलीशी फाइल, शेजारी एक स्क्रिप्ट, आणि एक फोल्डर ज्याला नावच नाही. फोल्डरचं चित्र आणि खाली कोरी जागा, कारण नाव म्हणून न दिसणारं स्पेसचं अक्षर दिलेलं. आत अख्खी सहावी ब, हजेरी क्रमांकाने ओळीत. आम्ही फक्त फोटो उचलले, शाळेला फोन केला आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून दिला. लावल्या लावल्या व्हायरस सुरू होण्याचे दिवस मागे पडले, पेनड्राइव्हचं ऑटोरन मायक्रोसॉफ्टने २०११ मध्येच जुन्या विंडोजवरही बंद केलं. आता माणसाकडूनच क्लिक करून घेतात.

आता बॅकअप. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा या क्षेत्रातला जुना नियम. माझ्याकडे एक हार्ड डिस्क दुकानाच्या कपाटात असते. रोज संध्याकाळी ती मुख्य मशीनला लावायची, फ्रीफाइलसिंक (फोल्डरांच्या प्रती करणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, झालं की इजेक्ट करून परत कपाटात. दिवसभर लावून ठेवलेली डिस्क मी बॅकअपमध्ये धरत नाही. रॅन्समवेअरच्या दृष्टीने ती आणखी एक ड्राइव्ह, तीही धुऊन काढतो. दुसरी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, शनिवारी भरून माझ्याबरोबर डोंबिवलीला येते. लोकलच्या गर्दीत फिरती तबकडी असलेली डिस्क न्यायला माझा जीव धजला नाही, म्हणून प्रवासाला एसएसडी आणि कपाटात पडून राहायला हार्ड डिस्क. दुकान तळमजल्याला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर या शहरात सगळ्या प्रती एकाच छपराखाली ठेवायला धाडस लागतं.

फ्रीफाइलसिंक फुकट आहे, पण त्यातल्या ‘मिरर’ला जपून. मूळ फोल्डरातून फाइल उडाली की मिरर ती प्रतीतूनही उडवतो. म्हणून व्हर्जनिंग चालू करून घ्या. बदललेल्या आणि उडालेल्या फाइलची जुनी प्रत मग वेळेच्या शिक्क्यासह बाजूच्या फोल्डरात जाते. याचा फायदा व्हायरसपेक्षा गिऱ्हाइकांनीच जास्त करून दिला. मामांचं नाव वर, काकांचं खाली, परत काका वर, मग गणपतीचं चित्र बदला, असं चार प्रुफांनंतर ‘पहिलंच बरं होतं’ येतंच. आता ते पहिलं मिळतं.

बारीकसारीक : डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, फॅट ३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही. कोरल स्वतःच्या ‘बॅकअप ऑफ’ फाइली करतं, त्या फिल्टर लावून वगळा, नाहीतर जागा दुप्पट जाते. डोंबिवलीला जाणाऱ्या एसएसडीला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलाय, कारण त्यात लहान मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे नंबर आहेत. बिटलॉकर लावायला विंडोज प्रो लागतं, उघडायला होमही चालतं. त्याची रिकव्हरी की छापून घरच्या कागदपत्रांत ठेवा, त्याच डिस्कवर नको.

क्लाउडवर फक्त चालू हंगामाच्या फाइली आणि फायनल पीडीएफ ठेवते. फ्लेक्सच्या फाइली चढवत बसलं तर दिवस जातो. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप हा गैरसमज नको : मशीनवरची फाइल खराब झाली की क्लाउडवरचीही तशीच होते. गूगल ड्राइव्ह जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस ठेवतं, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

परीक्षा घेतली दिवाळीच्या सुट्टीत. एका कोऱ्या मशीनवर कपाटातली डिस्क लावून, काहीच हाती नाही असं धरून, एक पत्रिका छापण्यापर्यंत न्यायची. फाइल उघडली. ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरं. आमची निम्मी जुनी कामं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात ‘क’ च्या जागी खरं तर कुठलं तरी इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, आणि फॉन्ट नसला की तेच दिसतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला फॉन्ट नसला तर फार तर वळण बदलतं, आम्हाला मजकूरच जातो. बॅकअपवर लिहिणारे बहुतेक जण हे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते : फॉन्टचं फोल्डर, कीबोर्डचा लेआउट, फॉन्ट सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, लायसन्स नंबर, प्रिंटरची रंगांची प्रोफाइलं, सगळं त्याच डिस्कवर हवं. डोंगलची मात्र प्रत निघत नाही. तो हरवला की संपलं. आमचा आता ड्रॉवरमध्ये दोरीने बांधलेला असतो. आणि जुनं नेहमीचं काम परत आलं की तो मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवतो. कन्व्हर्टरमधून रफार आणि जोडाक्षरं थोडी बिघडून निघतात, म्हणून प्रुफ परत वाचावंच लागतं.

खरी वेळ आली जानेवारीत, ऐन लग्नसराईत. आणि व्हायरसमुळे नाही. एका मशीनची आतली एसएसडी सकाळी दिसेनाशीच झाली. हार्ड डिस्क निदान कुरकुरते, हळू होते, चार दिवस आधी कळतं. हिने काही सांगितलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून नवी आणली, विंडोज टाकलं, डिस्क लावली. आदल्या संध्याकाळनंतरचं काम तेवढं गेलं, आणि ते नव्हतंच फारसं. संध्याकाळी पत्रिका मशीनला लागल्या. विकतचा अँटिव्हायरस चालू असता तरी ही सकाळ तशीच उजाडली असती, म्हणून पैसे डिस्कवर घाला म्हणते.

तक्रारी. सगळ्यात मोठी ही, की संध्याकाळची डिस्क माणसाने लावावी लागते. मी नसले की लागत नाही. भिंतीवर तारखांचा कागद लावलाय, लावणाऱ्याने सही करायची. सह्या होतात, कधी कधी दोन दिवसांच्या एकदम. नेटवर्कवरची पेटी घेऊन हे आपोआप करता येईल, पण ती कायम जोडलेली राहणार, आणि आत दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत असल्या तरी उडालेली फाइल दोन्हीकडून उडते. त्यामुळे अजून घेतलेली नाही. पावसाळ्यात कपाटातल्या दमटपणाची भीती असते, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहावं लागतं. पेनड्राइव्हच्या नियमाने गिऱ्हाईक खोळंबतं, काही जण चिडतात. चिडू देत.

दहा-पंधरा मशीन, सर्व्हर, बाहेरून लॉगिन करणारी माणसं असं असेल तर माझ्या भरवशावर राहू नका. तिथे सगळ्या मशीनवर एका जागेवरून नजर ठेवणारं विकतचं सॉफ्टवेअर आणि ते बघणारा माणूस लागतो. एक ते चार मशीनच्या दुकानाला हे पुरतं.

राहिलं ते जुन्या सीडींचं. कपाटाच्या खालच्या खणात वीसेक वर्षांची कामं सीडीवर आहेत, आणि काही सीडी आता वाचल्याच जात नाहीत. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणलाय, त्याने उतरवून घेतोय. आषाढात लग्नं नसतात आणि मंडळांचे अहवाल यायला अवकाश असतो, तेवढ्यात संपवायचं ठरवलंय.