मोटोरोलाचा जुना जीएम३०० : डोंगरावरच्या रिपीटरसाठी घ्यावा का?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर : घ्या, जोडीच घ्या. पण सगळे पैसे त्यावर घालवू नका. आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या गटाने साताऱ्याजवळच्या डोंगरावर दोन मीटर बँडचा (१४४ मेगाहर्ट्झपासूनचा व्हीएचएफ पट्टा) रिपीटर, म्हणजे कमजोर सिग्नल ऐकून त्याच क्षणी जोरात पुन्हा पाठवणारं स्टेशन, जीएम३०० या वायरलेस सेटच्या जोडीवर उभा केला : एक सेट ऐकतो, दुसरा पाठवतो. या सेटबद्दल मला फार विचारणा होते, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांना शिकवते, त्यामुळे सेट उघडून, मोजून, वायरिंग करून मग मत द्यायची सवय आहे.

जीएम३०० हा नव्वदच्या दशकातला गाडीत बसवायचा सेट. आपल्याकडे असे मोबाइल सेट टॅक्सी, कारखाने, सुरक्षा यंत्रणा यांच्याकडे वर्षानुवर्षं चालले आणि नंतर जुन्या बाजारात आले. मुद्दाम हाच निवडायचं कारण त्याच्या पाठीमागे आहे : १६ पिनांचा ॲक्सेसरी कनेक्टर. रिपीटरला लागणाऱ्या सगळ्या तारा कंपनीने आधीच बाहेर काढून ठेवल्यात. बाजारात आज मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त मोबाइल सेटमध्ये स्क्वेल्चची (सिग्नल आला की नाही ते सांगणारी) लाइन हवी असेल तर पीसीबीवर केसाएवढी वायर टाचावी लागते. इथे झाकण उघडायचं ते एका जंपरपुरतं. मोटोरोलानेही हेच केलं होतं : जीआर३०० नावाचा त्यांचा रिपीटर म्हणजे एका पेटीत दोन जीएम३००, आणि दोन सेट जोडायला रिक नावाचा छोटा इंटरफेस वेगळा मिळायचा.

आता तो कनेक्टर. पीटीटी (ट्रान्समीटर चालू करणारी तार) ३ नंबरवर, ग्राउंड ७ वर. रिसीव्हरचा ऑडिओ ११ वर, ट्रान्समीटरला द्यायचा फ्लॅट (जसाच्या तसा जाणारा) ऑडिओ ५ वर, माइकचा २ वर. सिग्नल आला की खाली जाणारी लाइन, म्हणजे सीओआर, आपण प्रोग्रॅमिंगमध्ये ८ नंबरला नेमून दिली. १५ आणि १६ मध्ये जंपर लागतो, तो नसला की आतला स्पीकर मुका. जुन्या बाजारातून आलेले कितीतरी सेट ‘स्पीकर गेलाय’ म्हणून कमी भावात निघतात आणि प्रत्यक्षात फक्त हा जंपर हरवलेला असतो. घेताना आधी तेवढं बघा.

ऑडिओबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडचे बरेच रिपीटर इथेच बिघडलेले ऐकू येतात. एफएममध्ये बोलणाऱ्याचा सेट वरच्या स्वरांना उचलून पाठवतो आणि ऐकणाऱ्याचा सेट ते तेवढेच खाली आणतो. रिपीटर मध्ये बसतो. त्याने रिसीव्हरमधून न उतरवलेला, कच्चा ऑडिओ घेतला आणि ट्रान्समीटरच्या माइकच्या पिनला दिला, तर वरचे स्वर दुसऱ्यांदा उचलले जातात. मग आवाज कर्कश येतो, ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात. जीएम३०० मध्ये जेयू५५१ नावाचा जंपर आहे. तो फ्लॅट बाजूला टाकला की ११ नंबरवर कच्चा ऑडिओ येतो. तो लेव्हल लावून थेट ५ नंबरला द्यायचा, म्हणजे जसं आत आलं तसंच बाहेर जातं. आम्ही १ किलोहर्ट्झचा टोन ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने (टोनमुळे फ्रिक्वेन्सी जितकी हलते ती) आत दिला आणि बाहेर ३ च येईपर्यंत लेव्हलचा प्रीसेट फिरवला. एवढंच करायचं असतं. पण कानाने अंदाज घेऊन करू नका, मोजून करा. आमच्या रिपीटरवर नेहमी बोलणाऱ्याचा आवाज थेट ऐकला काय आणि रिपीटरवरून ऐकला काय, फरक सांगता येत नाही. या सेटला मी सगळ्यात जास्त गुण यासाठी देते.

कंट्रोलर आमच्या मुलांनीच आर्डुइनोवर बनवला. सीओआर खाली गेली की ट्रान्झिस्टरमार्फत पीटीटी ओढायची, सिग्नल गेल्यावर दोन सेकंद शेपूट ठेवायची (ट्रान्समीटर तेवढा वेळ चालूच ठेवायचा), कोणी तीन मिनिटांपेक्षा जास्त दाबून धरलं तर बंद करायचं, आणि ठरावीक वेळाने मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं अधिकृत ओळखनाव) द्यायचा. सीटीसीएसएस टोन (बोलण्याखाली सतत पाठवलेला ओळखीचा खर्जातला टोन) ओळखायचं काम रिसीव्हरचा सेट स्वतःच करतो. रिसीव्ह करणाऱ्या सेटमध्ये ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी रिकामीच ठेवा. देखभालीला आलेल्या माणसाचा हात चुकून त्या माइकवर पडला तरी काही बाहेर जायला नको.

प्रोग्रॅमिंग ही या सेटची खरी डोकेदुखी. सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं आहे. वेगवान कॉम्प्युटरवर ते सेटशी नीट बोलत नाही, म्हणून जुना, संथ कॉम्प्युटर आणि रिब नावाची इंटरफेस पेटी लागते. आमच्या प्रयोगशाळेतला भंगारात निघालेला पेंटियम यासाठी राखून ठेवला आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे अशी जुळणी नसेल तर सेट घेण्याआधी ती शोधा.

फ्रिक्वेन्सीचं लेबल हा दुसरा मुद्दा, आणि तो आपल्या देशात जास्त महत्त्वाचा. व्हीएचएफ जीएम३०० दोन जातींत येतो : १३६ ते १६२ मेगाहर्ट्झ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ. अमेरिकेत दोन मीटर बँड १४८ पर्यंत आहे, त्यामुळे तिकडचे हॅम दुसऱ्या जातीवरही भागवतात. आपला बँड १४४ ते १४६. म्हणजे दुसरी जात जिथे सुरू होते तिथे आपला बँड संपलेला असतो. विक्रेता ‘थोडंसंच खाली आहे, चालून जाईल’ म्हणतो. एखादा सेट चालतोही, पण डोंगरावर थंडीच्या पहाटे त्याचं फ्रिक्वेन्सीवरचं लॉक सुटलं तर तिथे बघायला कोणी नसतं. पहिलीच जात घ्या.

पॉवरचं म्हणाल तर सेट ४५ वॅटचा असला तरी गाडीतल्या वापरासाठी आहे : थोडं बोला, जास्त ऐका. रिपीटरचा ट्रान्समीटर संध्याकाळच्या नेटला (ठरलेल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर जमायचं त्याला) तासभर जवळजवळ सलग चालू असतो. आम्ही २५ वॅटवर आणला आणि मागच्या हीटसिंकवर १२ व्होल्टचा पंखा कायम फिरता ठेवला. त्यानंतर हीटसिंकवर हात ठेवता येतो. २५ वॅट कमी वाटत असतील त्यांना सांगते, डोंगराची उंची जे काम करते ते वॅट करत नाहीत. आणखी एक गोष्ट मला फार आवडली : ऑन-ऑफचं बटण व्हॉल्यूमच्या गोल खुंटीवरच आहे. सप्लाय गेला आणि परत आला की सेट आपोआप सुरू. बटण दाबल्याशिवाय जागे न होणारे नवे सेट डोंगरावर नेऊन काय उपयोग?

इथपर्यंत सेटचं कौतुक. आता पैसे कुठे घालायचे ते.

आपल्याकडे दोन मीटरवर रिपीटरची जाण्याची आणि येण्याची फ्रिक्वेन्सी यांत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. एकाच अँटेनावर २५ वॅट बाहेर चाललेत आणि त्याच क्षणी त्याच अँटेनावरून पाव-अर्ध्या मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायचाय. डेसिबलमध्ये मांडलं तर या दोघांत १६० च्या आसपास फरक आहे, म्हणजे एकावर सोळा शून्यं. नगाऱ्याला कान लावून शेजारच्या घरातली कुजबुज ऐकायची, असा हा प्रकार. त्यातला मोठा वाटा डुप्लेक्सरने, म्हणजे एकाच अँटेनावर दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणाऱ्या फिल्टरने, उचलायचा असतो, आणि त्यासाठी मोठ्या डब्यांची कॅव्हिटी लागते. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ५२ सेंटिमीटर, त्यामुळे एकेक डबा अर्ध्या मीटरहून उंच. असे चार किंवा सहा डबे. वहीएवढा चपटा डुप्लेक्सर ऑनलाइन फार स्वस्त मिळतो आणि त्यावर व्हीएचएफ लिहिलेलंही असतं, पण ती रचना चार-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी आहे. गटातल्या एकाने आणलेला आम्ही नॅनोव्हीएनएवर (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) लावून पाहिला. ६०० किलोहर्ट्झवर त्याची दरी, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी दाबायची खोली, इतकी उथळ होती की तो पुन्हा खोक्यात गेला. अमेरिकेत यूएचएफवर, जिथे अंतर पाच मेगाहर्ट्झ असतं, तिथे त्याच आकाराचे डुप्लेक्सर छान चालतात. मोठ्या डब्यांना आम्ही सेटच्या जोडीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले आणि त्यातला एक रुपयाही मला जड गेला नाही.

नॅनोव्हीएनएवर ट्यून करताना सगळे डबे एकदम जोडू नका. एका बाजूची पूर्ण दरी त्या छोट्या यंत्राच्या आवाक्याबाहेर जाते आणि पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. एकेक डबा सुटा लावा, त्याची दरी नेमक्या फ्रिक्वेन्सीवर आणा, मग जोडा आणि शेवटी किंचित हलवा.

केबलमध्ये तर अजिबात काटकसर नको. सेट ते डुप्लेक्सर आणि डब्याडब्यांमध्ये दुहेरी जाळीची, चांदीचा मुलामा असलेली आरजी२१४ किंवा आरजी४०० च वापरा. एकेरी जाळीची आरजी५८ वापरली तर डब्यांनी अडवलेलं सगळं केबलमधून झिरपून परत येतं. एलएमआर४०० घरच्या स्टेशनला उत्तम, पण तिच्यात ॲल्युमिनियमची फॉइल आणि कथील चढवलेली तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात, आणि रिपीटरमध्ये त्यातून खरखर उठते. वर अँटेनाकडे जायला अर्ध्या इंचाची हार्डलाइन घाला. ३० मीटरला तिचा तोटा १ डीबीहून कमी, आरजी२१३ चा अडीचच्या घरात. कनेक्टर सगळीकडे एन टाइप.

जोडणी पूर्ण झाल्यावरची चाचणी अशी. रिसीव्हरला सिग्नल जनरेटरमधून अगदी कमजोर सिग्नल द्यायचा, इतका की टोन सुसकाऱ्यात जेमतेम ऐकू यावा. मग ट्रान्समीटर चालू करायचा. सुसकारा वाढला तर ट्रान्समीटर रिसीव्हरला बहिरं करतोय. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) आमचा टोन हललाही नाही. अँटेना लावल्यावर मात्र मधूनच कडकड यायला लागली. गटातले वरिष्ठ काका शांतपणे म्हणाले, “वारा आला की येतेय, बघा.” एका विद्यार्थ्याने मास्टचा (अँटेनाच्या खांबाचा) एकेक क्लॅम्प हाताने दाबून धरायला सुरुवात केली. एका क्लॅम्पला हात लावताच कडकड थांबली. “मॅडम, सोडतो, पुन्हा ऐका.” सोडला, परत आली. गंजलेला यू-बोल्ट होता. गंजलेला सांधा म्हणजे रानटी डायोड, २५ वॅटच्या शेजारी तो आपली फ्रिक्वेन्सी सोडून सगळीकडे आवाज पसरवतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा टाकला आणि कडकड गेली. आपल्या घाटमाथ्याच्या पावसात हे दर वर्षी होणार, म्हणून पावसाळा संपला की सगळे सांधे तपासायचं आम्ही ठरवून टाकलंय.

अर्थिंगला इथे फार कष्ट पडतात. सड्यावर मातीचा थर हातभर, खाली जांभा. एका खड्ड्याने भागत नाही. आम्ही तांब्याची पट्टी लांबवर पसरून बेंटोनाइटमध्ये (ओल धरणाऱ्या चिकणमातीत) पुरली आणि मास्ट, लाइटनिंग अरेस्टर, सप्लाय, सेट सगळं एकाच बिंदूला बांधलं. वीज पडण्याच्या दिवसांत यासमोर कोणतीही महागडी वस्तू उपयोगी नाही.

हे सगळं कशासाठी? जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा मोबाइल बंद पडले आणि घाटावर बसलेल्या आम्हाला खाली कोण कसं आहे कळायला मार्ग नव्हता. बॅटरीवर चालणारा, डोंगरावरून दोन तालुके जोडणारा रिपीटर अशा रात्री कामाला येतो. म्हणून तो हौसेने पण काटेकोर बांधायचा.

कागदपत्रांचं : रिपीटरला डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागातला वायरलेस परवाने देणारा विभाग) वेगळी परवानगी लागते, घरच्या स्टेशनच्या लायसन्सवर तो चालवता येत नाही. सेटही वायरलेस सेट विकायला अधिकृत असलेल्या दुकानातून, पावतीवर तुमचा कॉलसाइन घालूनच घ्या.

ज्यांना डिजिटल मोड हवेत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी आता वेगळे, तयार रिपीटर आहेत. साधा, स्वच्छ एफएम आवाज हवा असेल आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरता येत असेल तर मात्र एवढ्या किमतीत याच्या जवळपास येणारं मला काही दिसलेलं नाही. दुकानात गेलात की लेबल बघा, सेट डमी लोडवर दहा मिनिटं दाबून ठेवून पॉवर टिकते का बघा, आणि मागचा १६ पिनी कनेक्टर तारांसकट मागून घ्या. दुकानदार तो कापून बाजूला टाकतात, आणि सुटा शोधायला गेलात तर सेटपेक्षा जास्त फिरावं लागतं.