सिग्नलच्या वेळा तपासायला 'सूमो': फुकट आणि भक्कम, पण आकडे तुमचे भरा

एमटेकच्या प्रकल्पासाठी पुण्यातल्या लागोपाठच्या तीन चौकांचं मॉडेल मी 'सूमो' या वाहतुकीची संगणकावर नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं. डीएलआर या जर्मन अवकाश संशोधन केंद्रात घडलेलं आणि 2001 पासून उपलब्ध असलेलं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. परवान्याचे पैसे नाहीत, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवरही काम करता आलं.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते काही मिनिटांत आत येतात. डावीकडून चालणारी वाहतूक तेवढी निवडायला विसरू नका. खरी मेहनत त्यानंतर. नकाशात सिग्नल कुठे आहे एवढंच असतं, हिरवा किती सेकंद टिकतो हे नसतं. मग सूमो आपल्या अंदाजाने 90 सेकंदांची सायकल (सिग्नलची एक पूर्ण फेरी) भरून मोकळा होतो. स्क्रीनवर गाड्या छान पळतात, पण तो आपला चौक नसतो. स्टॉपवॉच घेऊन चौकात उभं राहा, सकाळ-संध्याकाळच्या वेळा वेगळ्या टिपा, दोन सिग्नलमधला ऑफसेट, म्हणजे त्यांच्या फेऱ्या सुरू होण्यातला फरक, मोजा आणि नेटएडिट या सूमोच्याच संपादकात स्वतः भरा. याला दुसरा मार्ग नाही.

फेज, म्हणजे सिग्नलचा एकेक टप्पा, लिहायची पद्धत मला मनापासून आवडली. चौकातल्या प्रत्येक हालचालीला एक अक्षर. मोठा जी म्हणजे निर्धास्त हिरवा; छोटा जी म्हणजे हिरवा आहे, पण समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे उजवं वळण घेणाऱ्यांची रांग किती लांबणार, हे या एका अक्षरावर ठरतं.

गाड्या बघून वेळ बदलणारा सिग्नलही आहे. दोन गाड्यांमधली फट 3 सेकंदांच्या वर गेली की हिरवा संपतो. किमान आणि कमाल वेळ आपण द्यायची. मात्र दुचाकी फटीतून पुढे येऊन स्टॉप लाइनवर गोळा होतात, ते मुळात दिसत नाही. त्यासाठी सबलेन मॉडेल, म्हणजे एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालू देणारी सोय, चालू करावं लागतं. सूमोचा चालण्याचा वेग बराच मंदावतो, तरी आपल्या रस्त्यांसाठी ते हवंच.

माझी सगळ्यात मोठी तक्रार टेलिपोर्टची. वाट अडून 300 सेकंद खोळंबलेली गाडी सूमो उचलतो आणि पुढे जागा मिळेल तिथे ठेवतो. कोंडी आपोआप सुटते आणि तुमचं वाईट टायमिंगही चांगलं दिसतं. ही सोय त्या 300 च्या जागी उणे एक लिहून बंद करता येते. नाहीतर निकालात टेलिपोर्ट किती झाले ते आधी बघा, सरासरी विलंब नंतर.