चंद्रावरून रेडिओ खगोलशास्त्र: पाठीवर उतरायचं की भोवती फिरायचं?

१० मेगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ लहरी पृथ्वीचं आयनावरण (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) बहुतेक अडवतं, आणि त्यावरच्या पट्ट्यात आपल्याच प्रक्षेपणांचा गोंगाट. म्हणून चंद्राची पलीकडची, पृथ्वीकडे कधीच न वळणारी बाजू हवी. पण तिथे उतरायचं, की चंद्राभोवती उपग्रह फिरवायचा?

कक्षेचा पर्याय जुना आणि त्यामानाने स्वस्त. नासाने १९७३ मध्ये सोडलेला एक्सप्लोरर-४९ चंद्राआड गेला की पृथ्वीचा गोंगाट एकदम पडायचा, हे त्याच्या नोंदींत स्वच्छ दिसतं. उतरण्याची जोखीम नाही, ऊनही वरचेवर मिळतं. फक्त शांतता हप्त्याहप्त्याने येते: खालच्या कक्षेत फेरी साधारण दोन तासांची, त्यातला काही भागच आडोशाचा.

पृष्ठभागावर पृथ्वीपासूनचा आडोसा कायमचा. तो हवा कशाला? विश्वातल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर पहिले तारे पेटण्याआधीच्या काळातून येताना ताणली जाऊन ५० मेगाहर्ट्झच्याही खाली उतरते. आकाशगंगेच्या प्रखर उत्सर्जनातून हा क्षीण संकेत वेगळा काढायचा, तर दीर्घ निरीक्षण हवं. सूर्यही आड हवा, म्हणजे काम रात्री. आणि ती रात्र १४ दिवसांची, उणे १७० अंशांच्या आसपासची. तेवढा काळ बॅटरी जगवणं हीच खरी परीक्षा. संपर्कालाही वेगळा उपग्रह लागतो. २०१९ मध्ये उतरलेल्या चांग-अ ४ साठी चीनने तो आधीच सोडून ठेवला होता. (यानाचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक गोंगाट मात्र दोन्हीकडे सोबतच जातो.)

अख्ख्या आकाशाचा सरासरी संकेत मोजायला मी कक्षाच निवडेन. शेकडो अँटेना अंथरून बारीक नकाशा काढायचा असेल, तर उतरणंच बरं.