पाथलिब: पायथनमध्ये फाइलचा पत्ता सांगायची बरी सोय

आमच्या ऑफिसात डी ड्राइव्हवर जिल्हावार फोल्डर आहेत, नावं इंग्रजी छोट्या लिपीत. विंडोजमधून पाथ कॉपी करून पायथनच्या ओपनमध्ये (फाइल उघडायच्या फंक्शनमध्ये) जसाच्या तसा चिकटवला की पुणे, कोल्हापूर उघडतात. नाशिक, नागपूर, नांदेड नाही. बॅकस्लॅशपुढे एन आला की पायथन त्याची नवी ओळ करतो. ठाण्याचा टी म्हणजे टॅब, बीडचा बी म्हणजे बॅकस्पेस आणि अकोल्याचा ए म्हणजे चक्क घंटी!

यावर इलाज म्हणून बरेच जण पाथलिब हे पायथनचं मॉड्यूल सुचवतात. तो इलाज नव्हे. त्यातल्या पाथच्या कंसात तीच स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) दिली तर तोच घोळ. सरळ स्लॅश टाका, विंडोजला चालतो. नाहीतर अवतरणाआधी आर लावा. त्यासाठी पाथलिब लागत नाही.

पाथलिबची खरी किंमत कळते ती रिलेटिव्ह पाथला, म्हणजे ड्राइव्हपासून पूर्ण न लिहिलेल्या पत्त्याला. ओपन फाइल शोधतो चालू डिरेक्टरीत, स्क्रिप्ट ठेवलीय तिथे नाही. दिवसा टर्मिनलवर सुरळीत चाललेली स्क्रिप्ट रात्री टास्क शेड्यूलरने चालवली की ‘फाइल सापडली नाही’, कारण तिथला ‘स्टार्ट इन’ रकाना रिकामा असला की ती सिस्टम३२ मध्ये शोधत बसते. पाथलिबने स्क्रिप्टच्याच फाइलचा पाथ घ्यायचा, त्याचा पेरेंट (ती ज्या फोल्डरात आहे तो) काढायचा आणि पुढचे फोल्डर भागाकाराच्या चिन्हाने जोडत जायचं. मग ती कुठूनही चालवा. जुन्या पद्धतीच्या जॉइन फंक्शनच्या कंसात कंस घालण्यापेक्षा ही ओळ वाचायलाही सोपी.

हे मॉड्यूल २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आलं, पण ओपन त्याचे पाथ थेट स्वीकारू लागला ३.६ पासून. जुन्या कोडमध्ये पाथभोवती एसटीआर (स्ट्रिंग करून देणारं फंक्शन) गुंडाळलेला दिसतो तो त्यामुळे.

तक्रारी आहेत. जोडायच्या नावाला सुरुवातीलाच स्लॅश असेल तर डावीकडचा सगळा फोल्डर गुपचूप गळतो, एररसुद्धा येत नाही. आणि फाइल वाचणाऱ्या रीड-टेक्स्टला एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या तक्त्यानुसार साठवलीत ते) सांगितलं नाही, तर इंग्रजी विंडोजवर यूटीएफ-८ मधल्या मराठी फाइलचे हाल होतात: ‘कमल’ नुसतं विचित्र दिसतं, ‘लक्ष्मी’ला मात्र प्रोग्रामच आडवा होतो, कारण जोडाक्षरातल्या हलन्ताचा एक बाइट विंडोज तिथे वापरतं त्या जुन्या अक्षर-तक्त्यात नाहीच. दरवेळी यूटीएफ-८ लिहायचं, कंटाळा आला तरी.

पाचपैकी चार तारे. नव्या स्क्रिप्टला डोळे झाकून घ्या; जुनी नीट चालत असेल तर उगाच हात लावू नका.