डेपोला जागा नसलेल्या शहराची दारातली सेवा : पुण्यातील ‘स्वच्छ’

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न पडतो : मालमत्ता कर भरत असताना कचरा नेणाऱ्या ताईंना दरमहा वेगळे शुल्क कशासाठी द्यायचे? ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सेवा मी बरीच वर्षे घेत आहे. तिचा दर्जा चांगला आहे, पण तेवढ्याने या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. शहराच्या परिसरात आता नवा कचरा डेपो होऊ द्यायचा नाही, अशी जी भूमिका पुण्याने हळूहळू स्वीकारली आहे, ती प्रत्यक्षात कोण निभावते हे पाहिल्याशिवाय या सेवेचे मोल ठरवता येत नाही.

आधी सेवेविषयी. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या कचरावेचकांच्या संघटनेतून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार ती घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागली. तिच्या सभासद बहुतांशी महिला आहेत. पूर्वी कचराकुंड्यांमधून भंगार वेचणाऱ्या या महिलाच संस्थेच्या मालक आहेत. ओला आणि सुका कचरा दारातच वेगवेगळा घेतला जातो, आणि सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून द्यावेत अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पूर्ण करणारी घरे आमच्या सोसायटीत अजूनही निम्मीच असावीत, आणि उरलेल्यांमध्ये उच्चशिक्षितांची संख्या कमी नाही.

खरे काम मात्र दारावरून पुढे गेल्यावर सुरू होते. सुक्या कचऱ्याचे पोते उघडून त्यातला पुठ्ठा, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या आणि कडक प्लास्टिक निरनिराळे काढले जाते, ते भंगाराच्या दुकानात जाते आणि उरलेला कचरा फीडर पॉइंटवर, म्हणजे कचरा जमवण्याच्या ठरलेल्या जागी, येणाऱ्या महापालिकेच्या गाडीत चढतो. भंगार विकून मिळणारे पैसे वेचणारीचेच असतात. या सेवेची सगळी रचना मला या एका कलमावर उभी असलेली दिसते. ज्या ठिकाणी ठेकेदाराला टनावारी पैसे मिळतात, तिथे कचरा जितका जड तितका त्याचा फायदा अधिक असतो आणि वर्गीकरण हा त्याच्या दृष्टीने केवळ खर्च ठरतो. इथे मात्र गाडीत न गेलेला प्रत्येक किलो हे कुणाचे तरी उत्पन्न असते.

ही वजाबाकी शहराला का हवी आहे, हे समजून घेण्यासाठी सासवड रस्त्याकडे वळावे लागते. कोथरूडचा जुना कचरा डेपो शहर पसरत गेल्यावर बंद करावा लागला. (त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे, तिथे मेट्रो हवी की शिवसृष्टी, यावरून झालेला वाद पुणेकरांच्या स्मरणात असेल.) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीतील दगडखाणींच्या जागेत जाऊ लागला आणि पुढे या डेपोचा विस्तार १६३ एकरांपर्यंत झाला. मिसळलेला ओला कचरा ढिगाऱ्यात दबला की त्याला हवा मिळत नाही. मग त्यातून मिथेन तयार होतो, तो पेट घेतो, आणि खाली झिरपणारे काळे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते. या गावांनी हे सारे सोसले. त्यांच्या विहिरी निकामी झाल्या, त्यांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागले, आणि शहराकडून मिळणाऱ्या आश्वासनांच्या मुदती एकामागून एक उलटत गेल्या.

२०१७ च्या एप्रिल महिन्यात डेपोला मोठी आग लागली आणि ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. हे आंदोलन तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले, शहरात जागोजागी कचऱ्याचे ढीग साचले आणि अखेर मुख्यमंत्र्यांना मध्यस्थी करावी लागली. ज्या भागांत ओल्या कचऱ्याची स्थानिक विल्हेवाट आणि नीट वर्गीकरण होत होते, त्यांना हे दिवस तुलनेने सुसह्य गेले. त्याच वर्षी ही दोन्ही गावे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. पुढे त्यांना पुन्हा वगळून स्वतंत्र नगरपरिषद देण्याचा निर्णय शासनाने घेतला, म्हणजे ज्यांच्या अंगणात शहराचा कचरा पडला ते काही वर्षे शहराचे नागरिक झाले आणि नंतर तेही राहिले नाहीत.

नवा डेपो नाही, ही भूमिका शहाणपणातून कमी आणि नाइलाजातून अधिक आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यायी जागेचा शोध महापालिकेने घेतलाच होता. हवेली तालुक्यातील पिंपरी सांडसच्या वनजमिनीचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तेथील ग्रामस्थ विरोधात उभे राहिले, कारण फुरसुंगीचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने पुनावळे येथे डेपोसाठी वनजमीन निवडली, पण ती प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिच्या भोवती उंच इमारतींच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि रहिवाशांच्या विरोधानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. कायद्याची चौकटही अरुंद झाली आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमी, म्हणजे कचरा कायमचा पुरण्याची जागा, वस्तीपासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर आणि विशेष परवानगी नसेल तर विमानतळापासून २० किलोमीटर दूर असावी, अशी अट घातली. लोहगाव विमानतळ हे केंद्र धरून नकाशावर तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले की शहरालगत फारसे काही उरत नाही. शिवाय अशा जागेत केवळ प्रक्रिया करूनही न उरकणारे अवशेष टाकता येतात, संमिश्र कचरा नव्हे.

म्हणून दररोज निर्माण होणाऱ्या २,००० टनांहून अधिक कचऱ्यापैकी जितका दारातच वेगळा होईल, तितकीच शहराची ही भूमिका टिकणार आहे. या कसोटीवर ‘स्वच्छ’ची सेवा मला उत्तम वाटते आणि तिच्या पुढची साखळी कच्ची वाटते. महापालिकेने वेगवेगळ्या प्रभागांत पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले, परंतु त्यांतले अनेक क्षमतेपेक्षा कमी चालले किंवा बंद पडले. दारात काटेकोरपणे वेगळा केलेला ओला कचरा पुढे जिरवायला जागाच नसेल, तर वर्गीकरणाचे श्रम पाण्यात जातात. आणि अशा जागेला विरोध फक्त गावे करतात असेही नाही. पुण्याच्याच बाणेर उपनगरातील ओल्या कचऱ्याचा प्रकल्प दुर्गंधीच्या तक्रारींमुळे हलवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. दुर्गंधीची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण तीस वर्षे तोच वास सहन केलेल्या फुरसुंगीकरांसाठी बाणेरमधून किती आवाज उठला होता, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.

शुल्काविषयी थोडेसे. घरटी दरमहा १०० रुपयांच्या आतबाहेर असलेली ही रक्कम थेट काम करणाऱ्या महिलेच्या हाती जाते. या रकमेसोबत ना पगारी रजा येते ना निवृत्तिवेतन, त्यामुळे माझ्या मते दर कमी आहे. काही सोसायट्या एवढ्या रकमेवरूनही घासाघीस करतात, आणि त्याच सोसायट्या गांडूळखत प्रकल्पापोटी मालमत्ता करात मिळणारी सवलत मात्र न चुकता घेतात. खताचे खड्डे कोरडे का, हे तिथे कुणी विचारत नाही. २०२० च्या अखेरीस संस्थेचा करार संपला तेव्हा हे काम ठेकेदारांकडे जाणार का, अशी अनिश्चितता निर्माण झाली होती, आणि अनेक नागरिकांनी त्या वेळी संस्थेची बाजू घेतली. दर पाच वर्षांनी त्याच प्रश्नावर परत यावे लागणे ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती दूर करणे महापालिकेच्या हातात आहे.

नवीन रहिवाशांना माझी शिफारस निःसंदिग्ध आहे : सेवा घ्यावी, शुल्क वेळेवर द्यावे, लाल ठिपका विसरू नये. सोसायटीच्या सभेत एखाद्या खासगी ठेकेदाराचे स्वस्त दरपत्रक ठेवले गेले, तर दराची चर्चा थोडी बाजूला ठेवून त्याला एवढेच विचारावे की आमचा सुका कचरा कोण वेचणार, आणि न वेचलेला कचरा कोणत्या गावाच्या हद्दीत उतरवणार.